मागच्या खोलीतली म्हातारी

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी ठीक आहे, गुडघा त्याच्या मर्जीने ठीक आहे. पत्राला उशीर झाला त्याचं कारण कुत्रा. हो, कुत्रा! वासराएवढा. परवाच्या शनिवारी वरच्या खोल्या ज्या जोडप्याला तू दिल्यास, ते आले तेव्हा दारात आधी कुत्र्याचं तोंड आलं आणि मग माणसांची. मी विचारलं की घर तर चुकला नाहीत ना, तर ती बाई मलाच समजावायला लागली की आम्ही रीतसर विचारलं होतं आणि परवानगी मिळाली होती.

अरे, नियमांचा कागद तूच तर तयार केलास. प्राणी नकोत, चारच्या वर माणसं नकोत, बूट खाली काढायचे, रात्री गाणीबिणी बंद. तो मी जिन्याशी चिकटवलाय आणि पाहुण्यांना खोल्या द्यायच्या फोनवरच्या त्या साइटवरही तू घातलायस. मी कागदावर बोट ठेवून दाखवलं तर तो माणूस हसला. हसला रे! मग माझाही आवाज चढला. धडधडीत खोटं बोलताय म्हणून तोंडावर सांगितलं. ते राहिलेच. कुत्र्याने मी हाताने शिवलेल्या पलंगपोसाला भोक पाडलं आणि मालक जाताना साइटवर पाचांतला एकच तारा देऊन गेले. शेजारच्या चष्मेवालीने आपल्या दुकानात बसवून मला ते वाचून दाखवलं. ‘मालकीण भांडकुदळ. आधी हो म्हणतात, आल्यावर नाही म्हणतात.’ मी कधी हो म्हटलं? मला त्या साइटमधलं ओ की ठो कळत नाही, आणि फोन कानाला लावला की माझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. पाहुण्यांना हो-नाही सगळं तूच तिकडून कळवतोस.

खरी काळजी पुढेच आहे. साइटवाल्यांची तंबी आली आहे म्हणे. तारे असेच घसरत राहिले तर आपलं घर काढून टाकणार. तसं झालं तर मला हे घर विकावं लागेल, दुसरा मार्ग नाही. डोळ्यांपायी शिवणकाम बंद केलं, आता वरच्या खोल्याच मला पोसतात. आणि घर विकून मी वळकटी घेऊन तुझ्या दारात उभी राहिले तर तुझी काय अवस्था होईल, विचार कर! उजाडायच्या आत उठवीन.

तेव्हा जरा लक्ष घाल. बसच्या तिकीट खिडकीवर जन्म काढलास, माणसं ओळखता येतात तुला. वहिनीला आशीर्वाद. स्वतःला जप आणि माझी आठवण ठेव, दोन्ही एका वेळी जमलं तर उत्तम.

तुझी,
ताई

---

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. मी कुत्र्याला परवानगी देईन? मी? खिडकीवर असे नमुने मी रोज पाहिले आहेत. बिनदिक्कत सांगायचे की तुमच्याच माणसाने आम्हाला ही जागा दिली. कोणत्या माणसाने, ते मात्र त्यांना कधी आठवायचं नाही. आणि आईला कुत्र्याची केवढी धास्ती! ते माहीत असून मी कुत्रा पाठवीन का?

त्या गृहस्थांना मी साइटवरच जाहीर उत्तर दिलं आहे. ‘सप्रेम नमस्कार, आपला अभिप्राय पोचला’ अशी सुरुवात केली आणि शेवटी शुभेच्छाही दिल्या. मधल्या भागात मात्र सालटी काढली. हिचं म्हणणं पडलं की साइटवर एवढं लांबलचक कोणी लिहीत नाही, दोन ओळी पुरतात. मी तिला सांगितलं की सभ्यपणा दोन ओळींत मावत नाही. त्यावर ती चहा करायला उठून गेली.

घर विकायचं नावही काढू नकोस. मी इकडे बसलोय ना! रोज सकाळी आवरून टेबलाशी बसतो, एकही निरोप अनुत्तरित ठेवत नाही. अशी तत्परता त्या साइटवर दुसऱ्या कोणाची असेल असं मला वाटत नाही. नियम पाळणारीच माणसं यापुढे तुझ्याकडे येतील, ही जबाबदारी माझी. त्या कुत्रेवाल्यांची तारीख तेवढी कळव, माझ्याकडे नोंद सापडत नाही.

थंडीत गुडघा उघडा टाकू नकोस. रागावलीस तरी चालेल, पण पत्र टाकत जा.

तुझा,
धाकटा

---

ता. २ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या तत्परतेला काय म्हणावं! काल वरच्या खोल्यांसाठी दोन बिऱ्हाडं आली. एक बाप आणि त्याची परीक्षेला आलेली मुलगी. त्यांचे बूट काढून होतात न होतात तोच चार दांडगे, बरोबर कपाटाएवढा स्पीकर. दोघांच्याही फोनवर तुझा निरोप, दोघांनाही तीच तारीख. मी जिन्यात उभी, खाली हे, वर ते, आणि माझ्या डोक्याचा पार भुगा. शेवटी त्या पोरीला मी माझा पलंग दिला, बाप दिवाणावर, आणि मी मागच्या खोलीत शिलाई मशीनशेजारी आडवी झाले. वरच्या चौघांनी गाणी लावली. मी यंत्र काढून ठेवलं, मला काय त्याचं, पण ती पोरगी बिचारी कानांत कापूस घालून वाचत बसली. सकाळी तिचा बाप एक शब्द न बोलता गेला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

आणि आता ऐक, कमाल आहे. मागच्या आठवड्यातल्या त्या तरुण जोडप्याने काय लिहिलं असेल? ‘घरात आजारी म्हातारी आहे, जिन्यात आवाज करू नका, असं सांगून आम्हाला चोरासारखं वावरायला लावलं. म्हातारी कुठेच नव्हती. शुद्ध फसवणूक.’ चष्मेवाली वाचताना एवढी हसली की तिला गिऱ्हाईक सोडून पाणी प्यावं लागलं. मला मात्र काही केल्या उलगडा होत नाही. कोण म्हातारी? मी? मी काय आजारी दिसते? आणि मी असेन, तर मग कुठेच नव्हती कसं? मी तर दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर होते! ती दोघं होती मात्र विचित्र. चवड्यांवर चालायची, एकमेकांच्या कानात बोलायची. मला वाटलं माझ्या यंत्राचा सेल गेला. मी नवीन सेल घातला, तरी ऐकू येईना.

हे काय चाललंय ते मला एकदा नीट समजावून सांग. तू त्यांना काय लिहितोस? का तुझ्या निरोपांना वाटेत पाय फुटतात? आणखी एक-दोन असे तारे पडले की संपलं, असं चष्मेवाली म्हणते, आणि ती उगाच घाबरवणाऱ्यातली नाही.

पत्र जरा तावातावाने लिहिलंय, तिखट लागलं तर पाणी पी. माया आहे म्हणूनच बोलते, हे तुला सांगायला नको.

ताई

---

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि डोकं गरगरायला लागलं. मग मी साइटवरचे सगळे जुने निरोप उघडून पाहिले. ताई, ते लोक म्हणतात तसे निरोप तिथे खरोखरच आहेत. कुत्र्याला हो म्हटलेलं आहे. दोन बिऱ्हाडांना एकच तारीख दिलेली आहे. म्हातारीचंही आहे. पण ते मी लिहिलेले नाहीत. लिहिले असते तर मला आठवलं नसतं का?

माझ्या नावाने कोणीतरी आत शिरून लिहितं आहे. आणि तो इतका लबाड की भाषासुद्धा हुबेहूब माझी उचलली आहे. ‘आपला निरोप पोचला’ ही सुरुवात, ‘तसदीबद्दल क्षमस्व’ हा शेवट. जो कोणी असेल त्याने माझा चांगला अभ्यास केला आहे. मी ताबडतोब पासवर्ड बदलला आणि तो कोणाच्या हाती लागू नये म्हणून कुठेही लिहून ठेवला नाही. आता मलाच आत जाता येईना. हिने काहीतरी खटपट करून उघडून दिलं, तर मला हिचाच संशय आला आणि मी नको ते बोलून बसलो. हल्ली ती फार गप्प असते. मला त्याचाही अर्थ लागत नाही.

ताई, मला भीती वाटते. कशाची, ते सांगता येत नाही. पाहुण्यांची नव्हे.

तू मात्र धीर सोडू नकोस, मी छडा लावतो. पाहुण्यांना पुन्हा बजावतो की घरात आजारी माणूस आहे, जरा जपून वावरा. आईस माझा सा. न. सांग आणि तिचा खोकला कसा आहे ते उलट टपाली कळव.

तुझा,
धाकटा

---

ता. १५ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. त्याच्या हाती पडू देऊ नकोस.

त्याचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचत होते. शेवटची ओळ आली, आईचा खोकला कसा आहे ते विचारलेलं. आधी वाटलं, मीच चुकीचं वाचतेय. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वहिनी, आई जाऊन वीस वर्षं होऊन गेली. या घरातच गेली, मागच्या खोलीत, त्याच खोकल्याने. तेव्हा हा नोकरीवरून रजा घेऊन आला होता आणि जिन्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हळू चाला म्हणून सांगायचा. दूधवाल्यालासुद्धा. अगं, तेच तो पाहुण्यांना सांगत होता. म्हणजे त्याच्या लेखी आई अजून तिथे झोपलेली आहे, आणि मी त्या खोलीत मशीन ठेवून बसले आहे.

मला काही सुचत नाही. ज्या माणसांना मी खोटारडी म्हटलं ती अक्षर न् अक्षर खरं बोलत होती. ती कुत्रेवाली माणसं, ती चवड्यांवर चालणारी दोघं, सगळी. मी त्यांच्यावर चिडत राहिले, त्याच्यावर डाफरत राहिले, आणि तो तिकडे एकटा चाचपडत होता. फेब्रुवारीतल्या पत्रातही आईला कुत्र्याची धास्ती असं त्याने लिहिलं होतं. मी वाचून पुढे गेले. आमच्या घरात आईचं नाव निघतंच, मला त्यात वावगं वाटलं नाही.

माझ्या भावाला काय झालंय? आडवळणं नकोत, सरळ सांग. वाईट असेल तर वाईट सांग. तू गप्प असतेस असं तो लिहितो. माझ्याशी तरी गप्प राहू नकोस, बाई.

तुझी,
ताई

---

ता. २२ मार्च

ती. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शेजारणीकडे बसून वाचलं आणि तिथेच रडून घेतलं. घरी रडता येत नाही, हे कारण विचारत बसतात, आणि सांगितलेलं कारण थोड्या वेळाने पुन्हा विचारतात.

डॉक्टरांनी गेल्या उन्हाळ्यातच सांगितलं. विस्मरणाचा आजार आहे, वाढत जाणार आहे, थांबवायचं औषध नाही. तुम्हाला कळवू नकोस म्हणून ह्यांनी मला शपथ घातली. पुढे ते आजारही विसरले आणि शपथही. मी मात्र ती पाळत बसले. चुकलंच माझं. पण सगळं विसरत चाललेल्या माणसाने घातलेली शपथ मोडायला माझा जीव होईना.

रोजचं सांगते. सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालतात, खिशाला पेन लावतात, फोन घेऊन टेबलाशी बसतात आणि मला सांगतात की खिडकी उघडली. त्यानंतर दुपारपर्यंत हे जवळजवळ पहिल्यासारखे असतात. पाहुण्यांना बस कुठून मिळेल, पाणी किती वाजता तापतं, सगळं लिहितात. त्यात मध्येच काहीतरी घसरतं. मी मागून सुधारायला गेले तर चिडतात. मध्यंतरी साइट बिघडली होती तेव्हा अंथरुणावरच बसून राहिले. शर्ट पुढे केला तर कशाला म्हणाले. वन्सं, तो ‘कशाला’ मला अजून ऐकू येतो.

हे काम त्यांच्याकडून काढून घेतलं तर ते उठायचे नाहीत. नाही काढलं तर तुमचं घर जाईल. ह्यांचा दिवस की तुमचं डोक्यावरचं छप्पर, हे मी तुम्हाला कोणत्या तोंडाने विचारू? मला काहीच कळेनासं झालंय. तुम्ही सांगाल ते करीन.

माझ्यावर राग धरू नका. धरलात तरी पत्राचं उत्तर द्या, एवढंच मागणं.

तुमची,
वहिनी

---

ता. ६ एप्रिल

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

राग कसला धरतेस! तुझ्यापुढे मीच हात जोडायला हवेत, पण मी मोठी पडले, म्हणून आशीर्वादावर भागवते.

आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रात्र रात्र वाटायचं, घर राखलं तर भाऊ हातचा जातो, भाऊ राखला तर घर. शेवटी निर्णय घेतला तो ऐक. वरच्या खोल्या मी इस्पितळातल्या एका नर्सबाईंना कायमच्या भाड्याने दिल्या. पाहुण्यांएवढं सुटत नाही, पण येतं ते नेमाने येतं, माझं भागेल. घर विकावं लागत नाही. बाई दमून येते आणि झोपते, माझ्याशी भांडायला तिला सवड नाही. मलाच चुकल्यासारखं होतं.

आता त्याचं. साइटवर आपलं घर तसंच दिसेल, फक्त पुढच्या सगळ्या तारखा चष्मेवालीने साइटवाल्यांशी बोलून बंद करून टाकल्या आहेत. म्हणजे कोणी चौकशी करू शकतं, राहायला येऊ शकत नाही. त्याने कोणालाही काहीही कळवलं तरी कोणाचं बिघडणार नाही आणि आपलंही. पण बंद घराची चौकशी रोज रोज कोण करणार? तर ती तू करायचीस. तुझ्या फोनवरून, दुसरं काहीतरी नाव घालून. जरा चिकट गिऱ्हाईक हो. उशी जाड आहे का, खिडकीतून काय दिसतं, असलं विचारत राहा. त्याला उत्तरं द्यायला आवडतात.

हे खोटं आहे, मला कळतं. जन्मभर मी खोट्याला नाकं मुरडली आणि आता तुला खोट्याचे धडे देतेय. बरोबर करतेय की चूक, देव जाणे. दुसरं काही सुचलं असतं तर तेच केलं असतं. त्या कुत्रेवाल्यांची आणि बाकीच्यांची मी चष्मेवालीकडून लिहवून माफी मागितली. कुत्रेवाल्यांनी उलट कुत्र्याचा फोटो पाठवला. आता पाहिला तर मेला गोड आहे.

तू वेळेवर जेवत जा. त्याला सांभाळणारी तू, आणि तुला सांभाळायला मी इतक्या लांब, याचंच वाईट वाटतं.

तुझी,
ताई

---

ता. २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज डोकं स्वच्छ आहे, म्हणून हातासरशी पत्र लिहून टाकतो. असे दिवस हल्ली विचारून येत नाहीत. हे पत्र हिला दाखवू नकोस, हिच्याकडे बोलूही नकोस.

एप्रिलपासून एक बाई आपल्या घराची चौकशी करत आहेत. फार चौकस. उशी जाड की पातळ. पलंगाच्या कोणत्या बाजूला भिंत येते, कारण त्यांच्या यजमानांना उजव्या कुशीवर झोपायची सवय आहे. सकाळी ऊन कुठून येतं, कारण यजमान उन्हात बसले की खुशीत असतात. मी सगळ्याला सविस्तर उत्तरं देतो. मात्र मी उत्तर पाठवलं की आमच्या स्वयंपाकघरात टिंग असं वाजतं. मग भांड्यांचा आवाज थांबतो. जरा वेळाने माझ्याकडे पुढचा प्रश्न येतो.

पहिल्यांदा कळलं तेव्हा मला राग आला. मग लाज वाटली. मग मी पुढच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला घेतलं. तिला वाटतं मला कळलेलं नाही. वाटू दे. ती दिवसभर माझ्यासाठी एवढं करते, मी तिच्यासाठी न कळल्यासारखं करू शकतो. हल्ली मला तेवढंच चांगलं जमतं. आणि ताई, तारखाही तूच बंद केल्यास ना? भरलेली गाडी कोणती आणि रद्द केलेली कोणती, हे खिडकीवरच्या माणसाला सांगावं लागत नाही. तुझे पाहुणे मी घालवले. तू मला एका शब्दानेही ते जाणवू दिलं नाहीस. तुझं घर शाबूत आहे, एवढं हिच्याकडून काढून घेतलं आणि जीव भांड्यात पडला.

कदाचित उद्या ही पाहुणी मला खरीच वाटेल. कदाचित पुढे हीच मला पाहुणी वाटेल. म्हणून आज ठाऊक आहे तोवर एक काम उरकून टाकलं. पाहुण्यांनी आपल्याला तारे द्यायचे तसे आपणही पाहुण्यांबद्दल लिहायचं असतं. तिने मुक्काम केलेला नाही, म्हणून साइट घेईना. तेव्हा मी ते कागदावर लिहिलं आणि तुझ्याकडे पाठवतो आहे. मी तिला ओळखेनासा झालो की तिला दे. आधी नको.

‘या बाई एकही नियम पाळत नाहीत. न विचारता खोलीत येतात. चहा गार झाला की हातातून काढून नेतात आणि गरम करून आणतात. मी वाटेल ते बोललो तरी उलट बोलत नाहीत, आणि जायचं तर नावच काढत नाहीत. माझी कोणतीही तक्रार नाही. पाच तारे. त्यांना हवे तितके दिवस राहू द्यावे.’

तुझ्या उत्तराची वाट पाहतो. विसरलो तर तू आपणहून लिही.

तुझा,
धाकटा